पुडक्याची पाठ

बँकेत चिकटलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवतात. चेक आला की आधी उलटा करून बघायचा. पुढच्या बाजूला काय, कोणीही काहीही लिहितो. रक्कम अंकी, रक्कम अक्षरी आणि खाली मोराने पिसारा फुलवावा तशी सही. पण पैसे नेमके कोणाच्या हातात पडणार, हे पाठीवरच्या सहीवरून कळतं. गेली बावीस वर्षं मी आमच्या कड्याच्या शाखेत काउंटरमागे बसून अशा पाठी बघतो आहे. तुम्ही म्हणाल, हे काय आयुष्य झालं? पण बी.कॉम. सेकंड क्लास झालेल्या माणसाला पाठीपेक्षा अधिक काय बघायला मिळणार?

सवय मात्र अशी जडली आहे की घरी लग्नपत्रिका आली तरी मी आधी मागचं छापखान्याचं नाव वाचतो. एकदा सत्यनारायणाच्या प्रसादाचा द्रोणही उलटा करून पाहिला होता. प्रसाद सतरंजीवर सांडला आणि त्यानंतर आमच्या घरात आठ दिवस अबोला होता. असो.

तर सांगायचं म्हणजे, गेल्या दिवाळीत भाचा आला. भाचा पुण्याला 'कॉम्प्युटरमध्ये' असतो. म्हणजे नक्की काय करतो हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही, पण पगार ऐकून कोणी पुढे विचारत नाही. पूर्वी तो येताना बाकरवडी आणायचा. या वेळी त्याने एक चकचकीत खोका हिच्या हातात ठेवला. आत सोनेरी कागदात गुंडाळलेल्या सहा वड्या.

"मामा, आता ते फरसाण बिरसाण बंद करा. चार वाजता भूक लागली की हे खायचं. हेल्दी बार."

'बार' हा शब्द ऐकून माझे कान टवकारले होते. 'हेल्दी' ऐकून ते पुन्हा पडले.

एक वडी फोडून खाल्ली. थोडी चिकट, थोडी चिवट, खाली कुठे तरी एक शेंगदाणा. दुसऱ्या घासाला मला ओळख पटली. ही आपली गुडदाणीच! लोणावळ्याला जिला चिक्की म्हणतात, संक्रांतीला आमच्या घरी जी परातीत थापतात, आठवडी बाजारात मावशी जी पाटीत घेऊन बसतात, तीच. फक्त पुण्याला जाऊन इंग्रजी शिकून, सूट घालून आली होती. आणि गावची पोरं सूट घालून आली की करतात तसंच तिनेही केलं होतं : ओळख दाखवायला तयार नव्हती.

किंमत पाहिली. चाळीस ग्रॅमला साठ रुपये. माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. म्हणजे किलोला पंधराशे! त्याच आठवड्यात हिने अर्धा किलो दाणे आणि अर्धा किलो गूळ आणला होता, त्याचं बिल शे-सव्वाशेच्या पुढे गेलं नव्हतं. मधले तेराशे-चौदाशे रुपये कोणत्या खात्यात जमा झाले, हे शोधणं मला भाग होतं. मी पुडकं उलटं केलं.

पुढच्या बाजूला काय नव्हतं! हिरवं पान होतं, उगवता सूर्य होता, मधाचा थेंब होता. 'नैसर्गिक ऊर्जा' होती. 'पुरातन धान्यांची ताकद' होती. मागच्या बाजूला मात्र मुंगीला चष्मा लागेल अशा अक्षरांत घटक पदार्थ छापले होते. इथे एक गोष्ट कायम ध्यानात ठेवा. आपल्या देशात अन्नसुरक्षेचा कायदा २००६ सालचा आहे आणि पुडक्यांवर काय छापायचं त्याचे नियम आहेत. त्या नियमांप्रमाणे घटकांची यादी उतरत्या क्रमाने द्यावी लागते. जे वजनाला सर्वांत जास्त, ते पहिलं. म्हणजे ही यादी हाच त्या पुडक्याचा ताळेबंद. पुढची बाजू ही चेअरमनसाहेबांचं भाषण.

ताळेबंदात पहिले होते ओट्स. ठीक. दुसरं ग्लुकोज सिरप. तिसरी साखर. मग मध. मग खजुराचा पाक. त्यानंतर, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कोपऱ्यात बसवावं तसे, शेंगदाणे सहा टक्के. आणि ती पुरातन धान्यांची ताकद कुठे? तर बाजरी, दोन टक्के!

बाजरीला पुरातन म्हटलेलं वाचून मला गहिवरून आलं. २०२३ हे साल भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जगभर साजरं झालं हे मला ठाऊक आहे. पण आष्टी तालुक्यात बाजरी पुरातन वगैरे नाही, ती काल रात्रीची आहे. भाकरीच्या रूपाने आम्ही ते पुरातन धान्य लसणाच्या चटणीबरोबर खातो आणि त्याचं कोणाला सांगत नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, यांची गव्हाची ऐपत नाही.

पण माझं खरं लक्ष गेलं ते दुसऱ्याच गोष्टीकडे. ग्लुकोज सिरप, साखर, मध, खजुराचा पाक. ही चार नावं वाचताना मला आमच्या शाखेतले एक जुने कर्जदार आठवले. कर्जाची मर्यादा आड येऊ लागली की हे गृहस्थ एक खातं स्वतःच्या नावावर, एक बायकोच्या, एक मुलाच्या आणि एक एकत्र कुटुंबाच्या नावावर उघडत. प्रत्येक खातं वेगळं पाहिलं तर रक्कम किरकोळ. चारही एकत्र केली तर आमच्या शाखेतले सगळ्यांत मोठे देणेकरी तेच! साखरेने नेमकं हेच केलं होतं. चार नावांनी चार खाती उघडली, म्हणून ओट्सना पहिल्या खुर्चीचा मान मिळाला. चौघांची बेरीज केली असती तर ती खुर्ची कोणाची, हे वेगळं सांगायला नको. वर हा सगळा व्यवहार कायद्यात बसणारा. ज्या देशात मला स्वतःच्याच बँकेत स्वतःचंच खातं चालू ठेवायला दर काही वर्षांनी केवायसी द्यावं लागतं, त्या देशात साखर चार नावांनी हिंडते आणि तिला कोणी आधार कार्ड मागत नाही.

मी हे भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, मध नॅचरल असतो."

"साखरही उसातूनच येते रे. कारखान्यात विणत नाहीत तिला."

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत मध, सिरप, फळांचा आटवलेला रस यांतली साखर साखरेच्याच हिशोबात धरली आहे. दिवसाच्या एकूण उष्मांकांत ही साखर दहा टक्क्यांच्या आत ठेवा, आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवलीत तर अधिक बरं, असं ती संघटना म्हणते. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे पंचवीस ग्रॅम, सहा चमचे. त्या वडीत तिच्याच पाठीवरच्या आकड्यांप्रमाणे तेरा ग्रॅम साखर होती. एका वडीत निम्मा दिवस संपला. त्यातून आकडे 'एका सर्व्हिंगचे' आणि एक सर्व्हिंग म्हणजे अर्धी वडी, असा मजकूर तळाशी. वडीचं अर्ध खाऊन उरलेलं अर्ध पुन्हा कागदात गुंडाळून ठेवणारा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही. असा मनुष्य सापडला तर त्याला आमच्या रिकव्हरी विभागात घेऊ.

आता तुम्ही म्हणाल, बिनसाखरेच्या वड्या मिळतात की! मिळतात. आमचे साहेब त्याच खातात. म्हणजे खात असत. त्या वड्यांत माल्टिटॉलसारखी मंडळी असतात. गोडीला साखरेच्या जवळपास, पण आतड्यांना तितकीशी मान्य नसलेली. या मंडळींना पॉलिऑल म्हणतात आणि त्यांचं प्रमाण जास्त असेल तर त्यांनी जुलाब होऊ शकतात, असा इशारा पुडक्यावर छापावा लागतो. साहेबांनी पुढची बाजू वाचून दोन वड्या खाल्ल्या. दिवस एकतीस मार्चचा. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात, एक हेड कॅशियरकडे, एक साहेबांकडे. संध्याकाळी रोकड जुळली, तिजोरी बंद करायची वेळ झाली, हेड कॅशियर किल्ली लावून उभे, आणि साहेब कुठेत? साहेब त्यांच्या किल्लीसह दुसऱ्याच एका दाराला आतून कडी लावून बसलेले! पाऊण तास सबंध शाखेची रोकड साहेबांच्या पोटाच्या मर्जीवर होती. दुसऱ्या दिवशी मी तो इशारा त्यांना भिंगातून वाचून दाखवला. साहेबांनी माझी रजा नामंजूर केली.

इथवरची हकीकत हसण्यावारी नेता आली असती. साठ रुपये भाच्याचे, पोट साहेबांचं, आपलं काय गेलं? मीही तसंच म्हणत होतो. पण मग एक गोष्ट घडली.

आमच्या भागातली हजारो माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' व्हायचं, पोरंबाळं आणि भांडीकुंडी ट्रकमध्ये घालायची आणि पाच-सहा महिने फडाच्या कडेला खोपीत राहायचं. कारखान्यांचा पट्टा पडला की उन्हाळ्याच्या तोंडाला ही मंडळी परततात. तेव्हा आमच्या काउंटरवर गर्दी होते. अशाच एका दुपारी एक बाई पासबुक भरून घ्यायला आल्या. बरोबर सात-आठ वर्षांचा मुलगा. माझ्या टेबलावर भाच्याने नंतर पाठवलेल्या खोक्यातली वडी पडली होती. पोराची नजर तिच्यावर खिळली. मी मोठ्या उदारपणे ती त्याच्या हातात दिली. खरं सांगायचं तर मला ती नकोच होती. दानाचं पुण्य आणि अडगळीची विल्हेवाट, एका व्हाउचरमध्ये दोन नोंदी.

पंधरा दिवसांनी बाई पुन्हा आल्या. पोराच्या हातात तसंच सोनेरी पुडकं.

"साहेब, तुमच्याकडं व्हतं तसलंच घेतलं बघा," त्या म्हणाल्या. "साठ रुपयाला दिलं दुकानदारानं. पोरगं लई वाळलंय औंदा. म्हनलं, बँकेतले साहेब खात्यात, तर ताकदीचंच आसंल."

माझ्या हातातला शिक्का हातातच राहिला. ज्या चेकची पाठ मी स्वतः बघितली होती, तोच मी या बाईंना पुढे केला होता आणि बाईंनी माझ्या तोंडाकडे बघून वटवला होता. दिवस उगवायच्या आधी फडात उतरून मोळ्या बांधणाऱ्या हातांचे साठ रुपये! आणि त्यातून त्यांनी काय विकत घेतलं? कदाचित त्यांनीच तोडलेल्या उसाची साखर, चार खोट्या नावांनी, आणि सहा टक्के शेंगदाणे. त्यांनी पुडकं उलटं केलं असतं तरी उपयोग नव्हता. मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की नियमाचं समाधान होतं. मराठीत छापलाच पाहिजे अशी सक्ती नाही.

मी धीर करून म्हटलं, "ताई, यापेक्षा घरचे दाणे द्या त्याला. मूठभर भाजलेले. शंभर ग्रॅम दाण्यांत पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. सोबत गुळाचा लहानसा खडा."

बाई हसल्या. "दाणे हायेतच की घरी. पर दाण्याच्या पिशवीवर ताकदीचं लिव्हलेलं नसतंय ना, साहेब!"

सगळ्या जाहिरातशास्त्राचा निकाल त्या एका वाक्यात लागला. बी.कॉम.ला आम्हाला मार्केटिंगचा अख्खा पेपर होता, त्यात हे नव्हतं.

माझं भांडण काय आहे ते आता स्पष्ट सांगतो. माझं भांडण गोड खाण्याशी नाही. कागदात गुंडाळण्याशीही नाही. मावशींच्या पाटीवर हायवेची धूळ बसते, तेव्हा झाकलेलं बरं, हे भाच्याचं म्हणणं मला मान्य आहे. त्याचं दुसरं म्हणणंही मान्य करणं भाग आहे. तो म्हणाला, "मामा, तुमच्या गुडदाणीत निम्मा गूळच असतो की!" असतो. तीस ग्रॅमच्या वडीत पंधरा ग्रॅम गूळ, आणि गूळ म्हणजे बहुतेक साखरच. लोह लोह म्हणून कितीही आरडाओरडा केला तरी माझ्या रक्तातली साखर त्या लोहाला ओळख देत नाही. डॉक्टरांनी मला तसं लेखी कळवलं आहे.

पण गुडदाणी मी तब्येत सुधारते असं कधी म्हणाली? तिच्या नावातच गूळ आधी आणि दाणे नंतर! एवढा प्रामाणिक ताळेबंद तर मी आमच्या बँकेचाही पाहिलेला नाही. ती गोड आहे, गोड म्हणून विकली जाते आणि गोड म्हणूनच माणूस एका वडीवर थांबतो. औषध म्हणून मिळालेलं गोड मात्र माणूस दिवसातून तीनदा घेतो. माझा आक्षेप या औषधाच्या सोंगावर आहे.

हे सोंग सरकारलाही दिसू लागलं आहे. एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन दुकानांना सांगण्यात आलं की दुधात घालायच्या पावडरी वगैरे 'हेल्थ ड्रिंक' या सदरात विकू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी कसली व्याख्याच नाही. हे सांगितलं कोणी? वाणिज्य मंत्रालयानेही! कॉमर्सवाल्यांचा मला त्या दिवशी अभिमान वाटला. जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ आणि संपृक्त चरबी यांचे आकडे ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मंजुरी दिली. प्रस्ताव आणि अंमल यांच्यात किती अंतर असतं, ते ज्याने बँकेत कर्ज मागितलं आहे त्याला मी काय सांगावं? तेवढ्या काळात आपली आपण पाठ वाचावी हे उत्तम.

आणि वाचायची कशी? सोपं आहे. पहिली तीन नावं बघा. ती तुमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर सापडतात का? दाणे, तीळ, राजगिरा, खजूर, गूळ ही सगळी आपली खातेदार मंडळी, पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख. मग साखरेचे नातेवाईक मोजा : सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, मध, अमक्याचा पाक, तमक्याचा अर्क. तिघांपेक्षा जास्त आढळले तर ते पुडकं नाही, बारशाचं घर आहे. तिथून निघा. पुढे ३२२, ४२२, ४७१ असे आकडे असतील तर घाबरू नका. लेसिथिन, ग्लिसरॉल असल्या परवानगी असलेल्या पदार्थांचे ते नंबर. पण ज्या खाऊला नावांपेक्षा खाते क्रमांक जास्त, त्याला 'साधा' म्हणू नका. आणि शेवटी ग्रॅमचा हिशोब शंभराचा बघा, सर्व्हिंगचा नको.

आता उरली मावशींची गोष्ट. त्यांच्या बचत गटाने गुडदाणीच्या धंद्यासाठी कर्जाचा अर्ज केला होता. फॉर्म भरायला त्या माझ्याकडे आल्या. फॉर्ममध्ये रकाना होता : 'उत्पादनाचे वैशिष्ट्य.' मावशींनी विचार करून सांगितलं, "लिहा, काही नाही."

"असं कसं लिहू मावशी? साहेब अर्ज परत करतील."

"मग लिहा, दाणे आणि गूळ."

चिक्कीचं आणि कागदपत्रांचं आपल्या राज्यात फारसं जमत नाही. २०१५ साली अंगणवाडीच्या चिक्कीच्या खरेदीवरून केवढा गदारोळ झाला, आरोप झाले, खुलासे झाले, ते तुम्हाला आठवत असेल. म्हणून मी एकेक रकाना जपून भरला आणि वैशिष्ट्याच्या जागी लिहिलं, 'घटक दोन.' साहेबांनी वाचलं, क्षणभर माझ्याकडे पाहिलं. एकतीस मार्चची संध्याकाळ दोघांनाही आठवली असावी. सही झाली.

पुडक्याचा कागद भाच्याने पुण्याहून छापून पाठवला. त्याला पुढे उगवता सूर्य घालायचा होता. आमचा फोनवर तासभर वाद झाला. अखेर सूर्य रद्द होऊन पुढच्या बाजूला मराठीत मोठ्या अक्षरांत ठरलं : 'गुडदाणी. शेंगदाणे ५० टक्के, गूळ ५० टक्के. गोड आहे, बेताने खावी.' भाचा म्हणाला, "मामा, हे वाचून कोणी घेणार नाही." स्टँडसमोरच्या दुकानदारानेही तेच म्हटलं, पण मावशींचा मान राखून दोन डबे ठेवून घेतले. उधारीवर. परवा विचारलं तर म्हणाला, एक डबा गेला. दुसऱ्यातल्या निम्म्या वड्या त्याच्याच पोरांनी खाल्ल्या, त्यांचे पैसे मावशींना कसे द्यायचे याचा विचार चालू आहे.

त्या ऊसतोडीच्या ताई गेल्या आठवड्यात आल्या होत्या. दिवाळी जवळ आली, पुन्हा निघायचं. पोराच्या खिशात दाणे खुळखुळत होते. मी एक पुडकं त्याच्यापुढे धरलं. त्याने घेतलं, पुढून अक्षर-अक्षर लावून वाचलं, मग उलटं करून बघितलं. मागची बाजू कोरी.

"इथं काय बी नाय," तो म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "सगळं पुढेच लिहिलंय."

त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि पुडकं पुन्हा एकदा उलटं केलं. हा पोरगा मोठा झाला की बँकेत लागणार बघा.